ओळख पाहू मी कोण?

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. काही भगिनींच्या आग्रहावरून वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे.)



आपल्या मंडळात मी आजवर पुष्कळ वेळा बोलले असेन, पण ते जमाखर्च वाचून दाखवण्यापुरते, नाहीतर आभार मानण्यापुरते. व्याख्यान म्हणून उभी राहण्याची ही पहिलीच खेप. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी ‘चेहरा’ एवढेच सांगितले. त्यावर त्यांची अशी समजूत झाली की मी डाळीचे पीठ आणि साय यांविषयी काही सांगणार! (हशा) तसे काही नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाची निराशा व्हायला नको. आज मला बोलायचे आहे ते चेहरा ओळखण्याविषयी, आणि ज्यांना ते आपल्यासारखे साधत नाही अशा मुलांविषयी. त्यांतला एक मुलगा माझ्याच घरी आहे. तुम्ही सगळ्या त्याला ओळखता. तो मात्र तुम्हांला ओळखत नाही अशी तुमची तक्रार आहे. त्या तक्रारीला उत्तर देण्यासाठीच मी उभी आहे असे म्हणा.

दोन वर्षांपूर्वी माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि पंचवीस वर्षांचा चष्मा सुटला. त्यानंतर महिन्याभराने मी नातवाला शाळेच्या बसवरून आणायला नाक्यावर गेले. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. बस थांबली, तो उतरला, माझ्या तोंडाकडे पाहिल्यासारखे केले आणि सरळ माझ्यासमोरून पुढे जाऊन विजेच्या खांबापाशी वाट पाहत उभा राहिला. चार पावलांवर सख्खी आजी उभी, आणि नातू परक्यासारखा उभा! शेजारी दोघी ओळखीच्या बायका होत्या. मला फार लागले. मी म्हटले, “अरे, मी आले आहे ना!” आवाज ऐकताच तो वळला आणि रागावून म्हणाला, “आजी, तुझा चष्मा कुठे आहे? चष्मा नाही हे आधी सांगायचं ना!”

घरात तो मला महिनाभर बिनचष्म्याची पाहत होता. पण घरात स्वयंपाकघरातून येणारी मी आजीच असणार, हे उघड होते. नाक्यावर, गर्दीत, नव्या साडीत त्याला आजी शोधायची होती, आणि तिची खूणच हरवली होती. त्या रात्री मी त्याला विचारले, “मला तू कशावरून ओळखतोस रे?” त्याने बोटे मोडत सांगितले : चष्मा, डाव्या हातातल्या दोन बांगड्यांचा आवाज, निळी पिशवी, आणि उजवा पाय टाकताना जरा थांबतेस ते. माझा उजवा गुडघा दुखतो हे मी घरात कुणालाही बोलले नव्हते. चाळीस वर्षे संसार केलेल्या आमच्या घरधन्यांच्याही ते ध्यानात आले नव्हते. (हशा) ज्याच्याविषयी ‘त्याचे कुणाकडे लक्षच नसते’ असे आपण म्हणतो, त्याने माझ्याकडे किती बारकाईने पाहिले होते! मात्र चेहऱ्याकडे नव्हे.

या मुलांच्या स्थितीला इंग्रजीत ऑटिझम म्हणतात. मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सोयीचा आहे, पण मला तो थोडा अन्यायाचा वाटतो, कारण त्यावरून वाटते की हे मूल आपल्याच नादात आहे आणि त्याला जगाची पर्वा नाही. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे, म्हणजे आठ मुलगे आणि तीन मुली यांचे, वर्णन प्रसिद्ध केले, आणि दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांनीही अशाच मुलांविषयी लिहिले. तेव्हापासून हे नाव या मुलांना लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांत एक माणूस असा होता. म्हणजे आपल्या कॉलनीसारख्या वस्तीत अशी चारदोन माणसे सहज असतील. हा आजार नव्हे, तो औषधाने बरा करायचा नसतो. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते, आणि प्रत्येकाची निराळेपणाची तऱ्हाही निराळी असते. कुणी बोलतच नाही, तर कुणी आगगाड्यांचे वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवतो.

आता चेहऱ्याकडे वळू. आपण चेहरा कसा ओळखतो? नाक असे, डोळे तसे, अशी यादी करून आपण कुणाला ओळखत नाही. सगळा चेहरा एकदम, एका नजरेत मनात उतरतो. याची प्रचीती घ्यायची असेल तर घरी गेल्यावर एखाद्या समारंभाचा फोटो उलटा धरून पाहा. घर, झाड, खुर्ची उलटी असली तरी ओळखू येते, पण ओळखीची माणसे मात्र चटकन ओळखू येत नाहीत. रॉबर्ट यिन या संशोधकाने १९६९ साली हे प्रयोगाने दाखवले. चेहऱ्यासाठी आपल्या मेंदूत जणू एक खास कारकून बसवलेला असतो. तो आपल्याला न विचारता काम करत राहतो, म्हणून त्याची किंमत आपल्याला कळत नाही.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत हे काम निराळ्या रीतीने चालते की काय, हा प्रश्न बरीच वर्षे अभ्यासला गेला आहे. १९७८ साली टिम लँगडेल यांनी मुलांना त्यांच्याच शाळासोबत्यांचे फोटो थोडे झाकून दाखवले. इतर मुले डोळ्यांच्या भागावरून सोबती ओळखत. लहान स्वमग्न मुले मात्र तोंड आणि हनुवटी यांवरून ओळखण्यात अधिक तरबेज निघाली. पुढे २००२ साली अमेरिकेत एमी क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही स्वमग्न तरुणांना एक जुना, भांडणातंट्याचा चित्रपट दाखवला, आणि त्यांची नजर पडद्यावर कुठे कुठे जाते ते यंत्राने टिपले. इतर प्रेक्षकांची नजर पात्रांच्या डोळ्यांवर खिळलेली असे. या तरुणांची नजर अधिक वेळ तोंडावर, अंगावर, नाहीतर खोलीतल्या वस्तूंवर जाई. संवाद त्यांनीही ऐकले, पण दोन पात्रांत डोळ्यांनी जी बोलणी चालली होती ती त्यांच्याकडून निसटली.

एवढ्यावरून सगळ्या स्वमग्न माणसांना चेहरे ओळखता येत नाहीत असे मात्र समजू नका. २०१२ साली तोवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करण्यात आला. त्यातून दिसले की चेहरा पाहण्याची त्यांची मूळ रीत फार वेगळी नसते. पाहिलेला चेहरा ध्यानात ठेवणे आणि डोळ्यांवरून फरक ओळखणे त्यांना अधिक जड जाते. कुणाला हे अगदी जमत नाही, कुणाला उत्तम जमते. उलट, ज्यांना स्वमग्नता मुळीच नाही अशाही काही माणसांना चेहरे ओळखता येत नाहीत. ते वेगळे प्रकरण आहे. आपल्यातही अशी एखादी असेल, आणि नाव विसरल्याची सबब सांगून वेळ मारून नेत असेल.

दुसरी गोष्ट डोळ्याला डोळा देण्याची. मी चौतीस वर्षे शाळेत शिकवले. “माझ्याकडे बघून बोल” हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. जो खाली पाहतो तो खोटे बोलतो, ही माझी पक्की समजूत होती. नातू चार-पाच वर्षांचा असताना मी त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवीत असे. तो डोळे मिटून घेई, कधी किंचाळे, आणि मी त्याला हट्टी म्हणे. पुढे बोलू लागल्यावर एकदा तो म्हणाला, “आजी, तुझ्या डोळ्यांत बघितलं की तू काय बोलतेस ते ऐकू येत नाही.” मला ते पोराचे निमित्त वाटले. पण त्याच्यासारखीच मोठी झालेली अनेक माणसे हेच सांगतात. कुणी म्हणतात की नजर टोचते, कुणी म्हणतात की डोळे पाहायचे की शब्द ऐकायचे, यांतले एकच साधते. २०१७ साली नूशिन हाजीखानी यांच्या प्रयोगात स्वमग्न माणसांना चित्रांतील डोळ्यांकडेच पाहायला लावले, तेव्हा मेंदूच्या खोल भागातील, भीती आणि सावधपणा यांच्याशी संबंध असलेली यंत्रणा त्यांच्यात इतरांहून जास्त चेतलेली दिसली. म्हणजे मूल नजर टाळते ते आपल्याविषयी बेपर्वा असते म्हणून नव्हे. आपली नजरच त्याला पेलत नाही. प्रखर दिव्याकडून आपण मान फिरवतो तसेच हे आहे.

आणि भगिनींनो, नजरेचा हा कायदा तरी असा कुठला सनातन आहे? आमच्या लहानपणी वडील माणसांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणे हा उद्धटपणा होता. मला पाहायला आले तेव्हा “मान खाली घालून उत्तरे दे” असे आईने बजावले होते. तेव्हा खाली पाहणारी मुलगी सुशील ठरली, आणि आज खाली पाहणारा मुलगा शिष्ट ठरतो! डोळे तेच, अर्थ आपण लावलेला. तो बदलणे आपल्याच हाती आहे.

आजवर सगळे समजत की चूक एकाच बाजूची आहे. या मुलांना आपण कळत नाही, म्हणून त्यांना शिकवायचे. डेमियन मिल्टन हे इंग्लंडमधील अभ्यासक स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ साली त्यांनी असे मांडले की ही न समजण्याची अडचण दोन्हीकडून आहे. त्यांना आपला चेहरा वाचता येत नाही तसा आपल्यालाही त्यांचा वाचता येत नाही. २०१७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही लोकांना स्वमग्न माणसे बोलताना थोडा वेळ दाखवली. पाहणाऱ्यांचे मत काही क्षणांतच प्रतिकूल झाले आणि ‘यांच्याशी मैत्री नको’ असे त्यांना वाटले. पण तेच बोलणे नुसते कागदावर लिहून वाचायला दिले तेव्हा तो आकस उरला नाही. बोलण्यात खोट नव्हती. आपण ऐकण्याआधी चेहरा पाहिला आणि निकाल देऊन मोकळे झालो.

आपण हळदीकुंकवाला ‘कानगोष्टी’ खेळतो ना, तसाच प्रयोग एडिंबरा येथे करून २०२० साली प्रसिद्ध झाला. आठ-आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट कानोकानी पुढे न्यायची. सगळी माणसे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच ती इतरांच्या साखळीतही टिकली. दोन्ही प्रकारची माणसे मिसळली तेथे मात्र ती लवकर झिजली. २०२५ साली हाच खेळ अधिक मोठ्या प्रमाणावर झाला, तेव्हा मिसळलेल्या साखळ्याही मागे पडल्या नाहीत. दोन्ही वेळा एक गोष्ट सारखीच दिसली : गोष्ट ऐकून पुढे सांगण्यात स्वमग्न माणसे कुणाहून कमी नाहीत.

आता जे सांगायला मला जड जाते ते सांगते. नातू तीन वर्षांचा होऊनही बोलेना, हाक मारली तर बघेना, तेव्हा मी सगळा दोष सुनेवर टाकला. “आई दिवसभर कचेरीत, मग पोर माणसाळणार कसे?” हे मी तिला ऐकवले, शेजारी बोलले, आणि आपल्या मंडळातही बोलले. तुमच्यातल्या काहींना ते आठवत असेल. त्या बोलण्यापायी तिने चांगली नोकरी सोडली. पोर तरीही बघेना. पाचव्या वर्षी मोठ्या शहरातील डॉक्टरांनी तपासून निदान सांगितले, आणि माझ्यादेखत स्पष्ट सांगितले की आईच्या वागण्याने असे होत नाही. त्या दिवशी परतीच्या गाडीत सून खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी एक शब्द बोलले नाही. तिची क्षमा मागायला मला आणखी एक वर्ष लागले.

मागाहून वाचनात आले की हा अपराध मी एकटीने केलेला नाही. कॅनर यांनीच पुढे आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवले होते, आणि १९६७ साली ब्रुनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने ती समजूत घरोघर नेली. हजारो आया त्या कलंकाखाली झुरल्या. वास्तविक १९६४ सालीच बर्नार्ड रिमलँड यांनी या मताचे खंडन केले होते. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. १९६९ साली कॅनर यांनी पालकांच्या सभेत आईबापांना दोषमुक्त केले, आणि १९७७ साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे दिसून आले. हे सगळे होऊन चाळीस वर्षे लोटल्यावरही आमच्या घरात तोच खटला चालला, आणि न्यायाधीश मी होते. कुणाचे मूल असे असेल तर त्या आईला “तू काय केलेस?” असे विचारू नका. “मी काय करू?” असे विचारा.

मुलींविषयीही दोन शब्द. मुलींमध्ये हे लवकर ओळखू येत नाही. आपण मुलींना लहानपणापासून ‘हसून बोल, पाहुण्यांपुढे नीट वाग’ असे शिकवतो. त्या इतरांचे पाहून हसणे, मान डोलावणे उचलतात आणि मुखवटा धारण करतात. दिवसभर तो सांभाळून घरी आल्यावर पार गळून जातात, रडतात, आणि आपण त्यांना ‘बाहेर गोड, घरात तुसडी’ म्हणतो. काहींना तिशी-चाळिशी उलटल्यावर आपले कोडे उलगडते. तेव्हा शांत, एकलकोंड्या मुलीलाही जरा समजून घ्या.

आपण काय करायचे? फार काही नाही. पहिले म्हणजे ‘ओळख पाहू मी कोण?’ हा आपला आवडता खेळ या मुलांपुरता बंद करा. आपल्याला ती गंमत वाटते, पण त्याच्यासाठी ती परीक्षा असते, आणि नापास झाल्यावर आपण वर रुसतो. त्याऐवजी आधी आपले नाव सांगा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू त्याला दिसल्या की दुरूनच म्हणतात, “मी खालची काकू, मनीमाऊवाली.” तो लगेच “काकू, मांजर जेवली का?” असे विचारतो. सगळ्या इमारतीत तो आपण होऊन बोलतो तो त्यांच्याशीच, आणि त्यांना यासाठी कुणी व्याख्यान दिले नव्हते.

दुसरे, मनातले शब्दांत सांगा. डोळे वटारून, तोंड फिरवून राग दाखवला तर तो त्याला कळेलच असे नाही. “मी रागावले आहे, कारण तू पाणी सांडलेस” असे सांगितले की कळते. खरे सांगू? आमच्या घरात ही सवय लागल्यापासून मोठ्यांचीही भांडणे कमी झाली. (हशा) तिसरे, हनुवटी धरून तोंड वळवू नका, गालगुच्चे घेऊ नका. तो खिडकीबाहेर बघत असला तरी ऐकत असतो. आणि चौथे, त्याच्या देखत त्याच्याविषयी ‘बिचारा’ म्हणू नका. तेही तो ऐकत असतो.

कायद्यानेही आता या माणसांची दखल घेतली आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. पण कायदा शाळेचे दार उघडील, शेजाऱ्याचे दार कायद्याने उघडत नाही. ते आपल्यालाच उघडावे लागते.

शेवटी एक विनंती. माझी सून पूर्वी आपल्या मंडळात येत असे. रांगोळी-स्पर्धेत तिने दोनदा बक्षीस मिळवले आहे. गेली तीन वर्षे ती येत नाही, आणि का येत नाही असे तुम्ही मला विचारता. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीला तिने मुलाला बरोबर आणले होते. त्याने तिळगूळ हातावर ठेवला, पण वर पाहिले नाही, ‘गोड बोला’ म्हटले नाही. कुणीतरी म्हणाले, “आईने एवढेही शिकवले नाही का?” कोण म्हणाले ते मी सांगणार नाही, कारण तसे वाक्य सर्वांआधी मीच म्हटले होते. ते त्या दिवशी तुमच्यापैकी एकीच्या तोंडून परत आले, इतकेच.

हे भाषण मी आधी तिला वाचून दाखवले आणि तिच्या संमतीनेच येथे बोलले. नातवालाही विचारले. तो म्हणाला, “माझं नाव सांगू नकोस. पण चष्म्याचं सांग.” त्याप्रमाणे दोन्ही केले आहे. येत्या संक्रांतीला आपल्यापैकी दोघीतिघी आमच्याकडे जाऊन तिला बोलावतील तर बरे होईल. मी सासू, माझ्या बोलावण्याला तेवढी किंमत नाही. (हशा) आणि मुलगा आलाच, तर त्याच्यापुढे हात करताना आधी आपले नाव सांगा. तो तिळगूळ देईल. तुमच्याकडे बघणार नाही कदाचित, पण तुमच्या बांगड्या किती आणि त्या कशा वाजतात, हे त्याच्या पक्के ध्यानात राहील. पुढच्या वेळी तो तुम्हांला त्यांवरून ओळखील.